कामाचे तास, कायदा आणि न्यायबुद्धि

"कायद्यानें जें मना केलें नाहीं तें करण्यास हरकत नाहीं," असें म्हणणारे लोक तुम्हांस घरींदारीं व बाजारांत पुष्कळ भेटतील. दुसरे कांहीं लोक असे भेटतील कीं, ज्यांच्या मतें कायदा ही केवळ वकिलांची व कचेरीची बाब होय. सज्जन मनुष्य आपल्या न्यायबुद्धीनें वागला म्हणजे झालें. हीं दोन्ही मतें अर्धवट आहेत. परंतु हें नुसत्या तत्त्वचर्चेनें पटणें कठीण. म्हणून या पाठांत आपण आपल्याच मुंबई शहरांत घडलेली एक हकीकत पाहूं. ती मजुराच्या दिवसाची हकीकत आहे. जो मनुष्य पोटासाठीं आपलें अंग दुसऱ्याच्या कामीं लावतो, त्याच्या दिवसाचे किती तास त्या दुसऱ्याचे व किती त्याचे स्वतःचे, हें कोणीं व कसें ठरविलें, हा आपला विषय. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं गिरणीच्या भोंग्यावर दिवस काढले असतील. त्यांना हा इतिहास पुस्तकावांचून ठाऊक होता.

मुंबईस पहिली सुताची गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थांनीं १८५४ सालीं आरंभिला, व १८५६ त ताडदेवास ती गिरणी चालूं झाली. पुढें वीस-पंचवीस वर्षांत शहराच्या उत्तरेकडील भागांत धुराडीं उभीं राहिलीं, आणि रत्नागिरी, सातारा वगैरे जिल्ह्यांतून माणसें पोटासाठीं त्यांच्याभोंवतीं गोळा झालीं. या माणसांना कष्ट नवे नव्हते. शेतकरी पहांटे उठतो, आणि विणकर दिवेलागणीपर्यंत मागावर बसतो. परंतु शेतांत बैल थकला म्हणजे मनुष्यहि क्षणभर झाडाखालीं टेकतो, आणि विणकराच्या मागास त्याच्या हातापायांखेरीज दुसरा धनी नसतो. वाफेचें यंत्र थकत नाहीं. ज्या दिवशीं माणसाच्या कामाची गति त्याच्या स्वतःच्या दमावरून न ठरतां बॉयलरच्या वाफेवरून ठरूं लागली, त्या दिवशीं मालक व चाकर यांच्यामधील सर्व जुन्या चालीरीति एकाएकीं अपुऱ्या पडल्या. सूर्योदयास काम सुरू व्हावें व सूर्यास्तास थांबावें, असा त्या काळीं बहुतेक गिरण्यांचा परिपाठ होता. म्हणजे उन्हाळ्यांत सुमारें तेरा-चवदा तास. आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. रविवारीं यंत्रें बंद असलीं तर तीं पुसावयास माणसें बोलावीत. आणि या माणसांत लहान मुलें असत; तुटलेला धागा सांधण्यास व भरलेल्या बाबिनी काढण्यास लहान बोटें बरीं पडतात म्हणून.

आतां या सर्वांत बेकायदेशीर असें काय होतें? कांहींच नव्हतें. मालकानें कोणास दोरीनें बांधून आणलें नव्हतें. मजूर आपल्या पायांनीं दारांत आला, त्यानें काम मागितलें, पगार ठरला, तो कबूल झाला. कायद्याच्या भाषेंत हा दोन स्वतंत्र व्यक्तींमधील करार होय, आणि १८७२ सालीं या देशांत करारांचा कायदाहि लिहिला गेला होता. परंतु एकाच्या घरांत वर्षाचें धान्य आहे आणि दुसऱ्याच्या घरांत उद्यांचें नाहीं, अशा दोघांमधील कराराला स्वतंत्र म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न तो कायदा विचारीत नव्हता.

मग मालक मंडळी दुष्ट होती काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांतील कित्येकांनीं धर्मशाळा, दवाखाने व शाळा यांना सढळ हातानें देणग्या दिल्या. त्यांच्या नांवांच्या इमारतींत तुम्हीं आम्हीं आजहि पाऊल ठेवतों. खरी गोष्ट अशी कीं, जें सर्व जण करतात तें वाईट आहे असें मनुष्याच्या सहसा मनांतच येत नाहीं. शिवाय एखाद्या मालकाच्या मनांत तें आलें तरी त्याची दुसरीच अडचण होती. त्यानें एकट्यानें दर आठवड्यास एक दिवस गिरणी बंद ठेवली, तर त्याचें सूत शेजाऱ्याच्या सुतापेक्षां महाग पडणार, आणि बाजार कांहीं दयाळूपणाची किंमत देत नाहीं. दयाळू मालकाचें दिवाळें निघावें आणि कठोर मालकानें त्याची गिरणी विकत घ्यावी, असा हा व्यवहार! येथें कायद्याचा खरा उपयोग आपल्या ध्यानीं येतो. कायदा केवळ वाईट मनुष्यास धाक घालण्याकरितां नसतो. चांगल्या मनुष्यास चांगलें राहणें परवडावें, एवढ्याकरितांहि तो असावा लागतो. सर्वांस एकच सुटी, एकच तास असले म्हणजे कोणाचेंहि नुकसान सर्वांहून अधिक होत नाहीं.

हा कायदा कसा आला ती कथा मोठी चमत्कारिक आहे. इंग्लंडांत कारखान्यांतील मुलांसाठीं आयुष्यभर झगडलेले लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं १८७५ सालीं हिंदुस्थानांतील गिरण्यांचा प्रश्न तेथील उमरावांच्या सभेंत काढला. त्याच सालीं मुंबई सरकारनें चौकशीसाठीं एक आयोग नेमला. पण त्याच्या बहुसंख्य सभासदांनीं कायद्याची गरज नाहीं असें मत दिलें. मुंबईंतील सोराबजी शापुरजी बंगाली या गृहस्थांस हें पटलें नाहीं, व त्यांनीं १८७८ सालीं स्वतः एक मसुदा तयार करून त्याचा पाठपुरावा केला. येथपर्यंत सर्व ठीक. पण शाफ्ट्सबरी व बंगाली यांच्याशेजारीं तिसरा एक पक्ष उभा होता; तो म्हणजे लँकेशायरांतील गिरणीवाले. मुंबईचें सूत त्यांच्या मालाशीं स्पर्धा करूं लागलें होतें, आणि येथील कामाचे तास कमी झाले तर तें महाग होईल, हें त्यांस चांगलें कळत होतें. त्यांना एकाएकीं हिंदी मजुरांच्या मुलांचा कळवळा आला! इकडील देशाभिमानी वर्तमानपत्रांनीं हा डाव ओळखला, व त्यांपैकीं बहुतेकांनीं कायद्यास कडकडून विरोध केला. आपला बाळसेंहि न धरलेला धंदा मारण्यासाठीं हें ढोंग चाललें आहे, असें त्यांचें म्हणणें. आणि हेतूपुरतें तें खोटें नव्हतें.

वर्गांत हा भाग चालला असतां एका मुलानें मला विचारलें होतें, "मास्तर, मग तो कायदा चांगला कीं वाईट?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर घटकाभर थांबण्यासारखें आहे. माझें मत असें कीं, कायदा करणाराचा हेतु आणि कायद्याचें फळ हीं दोन वेगवेगळ्या तराजूंत घालावीं. मँचेस्टरच्या व्यापाऱ्याच्या मनांत काय आहे, यावर बाबिनी काढणाऱ्या सात वर्षांच्या पोराची झोंप अवलंबून नव्हती. त्याला किती वाजतां घरीं सोडतात यावर ती अवलंबून होती. शिवाय आपल्याच गिरणीवाल्यांनीं आपल्याच देशबांधवांच्या मुलांस आधींच सवलत दिली असती, तर परक्यास बोट दाखविण्यास जागा उरली नसती. देशाभिमान ही मोठी वस्तु आहे. परंतु तिचा सगळा भार लहान मुलांच्या पाठीवर देऊं नये.

असो. १८८१ सालीं पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यांत होतें तें थोडकें. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांसच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस कामास ठेवूं नये; सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसास नऊ तासांपेक्षां अधिक राबवूं नये, त्यांस रोज एक तास विसांवा व महिन्यास चार सुट्या द्याव्या; धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावें. झालें. सात वर्षांच्या मुलास नऊ तास! आज आपणांस याची लाज वाटते, पण तेव्हां यासहि विरोध झाला होता हें विसरूं नये. मोठीं माणसें, पुरुष असोत वा स्त्रिया, त्यांच्याविषयीं कायदा एक अक्षरहि बोलत नव्हता.

येथपावेतों मजुराविषयीं सर्वांनीं बोलून झालें होतें. मजूर स्वतः मात्र बोलला नव्हता. त्याला बोलकें करण्याचें काम नारायण मेघाजी लोखंडे यांनीं केलें. हे जोतीराव फुले यांचे सहकारी व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते; १८८० पासून ते मुंबईंत 'दीनबंधु' पत्र चालवीत असत. सरकारनें पुन्हां आयोग नेमल्याचें पाहून त्यांनीं १८८४ च्या सप्टेंबर महिन्यांत परळ येथें गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जांतील मागण्या मुलांनीं लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत, कारण त्यांत कोणतीहि अवास्तव गोष्ट नाहीं. दर रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास जेवणासाठीं मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू व्हावें आणि सूर्यास्तास थांबावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं यावा. आणि कामावर असतां अपघात झाला तर मनुष्य बरा होईपर्यंत त्यास पगार मिळावा. तो जन्माचा पंगु झाल्यास त्याच्या पोटाची तरतूद व्हावी. पगारवाढीची मागणी या यादींत नाहींच! आधीं केलेल्या कामाचे पैसे वेळेवर द्या, एवढेंच ते म्हणत होते.

यांपैकीं कोणती मागणी केव्हां पुरी झाली, हें पाहिलें म्हणजे समाजाच्या न्यायबुद्धीची चाल किती मंद असते तें कळतें. रविवारसाठीं सहा वर्षें लागलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं लोखंडे यांनीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरविली. तींत दोन स्त्रियांनीं भाषणें केलीं, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. कामगारांचा अर्ज मालकांच्या मंडळाकडे गेला, व १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत असा एक समज आहे कीं, मजुराला रविवार मिळाला तो सरकारच्या धर्मामुळें किंवा मिशनरी लोकांच्या शिफारशीमुळें. सरकारी कचेऱ्यांची गोष्ट वेगळी. गिरणीतला रविवार हा मजुरांनीं सभा भरवून व अर्ज करून मिळविलेला आहे, आणि तो मिळविणारांत जेजुरीच्या खंडोबाचे भक्त पुष्कळ असले पाहिजेत, कारण रविवार हा त्या दैवताचाहि वार आहे. एकाच दिवशीं कोणी देवळांत जावें, कोणी उपासनामंदिरांत, कोणी नुसतें झोंपावें, सुटी सर्वांची.

दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यानें मिळाला. त्याच कायद्यानें मुलांचें किमान वय नऊ केलें, नऊ ते चवदा वर्षांच्या मुलांस सात तासांची मर्यादा घातली, आणि स्त्रियांस अकरा तासांची. अपघाताच्या भरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडलें. मागणीपासून एकूणचाळीस वर्षें. आणि वेळेवर पगार? तो कायदा १९३६ सालचा. त्यानें लहान कारखान्यांत सात व मोठ्यांत दहा दिवसांच्या आंत पगार द्यावा असें ठरविलें. लोखंडे १८९७ च्या प्लेगांत वारले. त्या वेळीं त्यांच्या पांच मागण्यांपैकीं दोनच पुऱ्या झालेल्या होत्या.

पुरुषांच्या तासांची गोष्ट तर याहून लांबली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. विजेचा दिवा हा ज्ञानाचा व प्रगतीचा प्रकाश म्हणून आपण निबंधांत लिहितों; गिरणीकामगारास त्याचा अर्थ एवढाच झाला कीं, आतां सूर्य मावळला तरी काम थांबण्याचें कारण उरलें नाहीं. कांहीं गिरण्या चवदा-पंधरा तास चालूं लागल्या. सुधारणा जोंवर एका पक्षाच्याच हातांत असते, तोंवर ती दुसऱ्या पक्षास शिक्षा होऊं शकते, याचें इतकें स्पष्ट उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं. अखेर १९११ सालीं कापडाच्या गिरण्यांत पुरुषांस बारा तास, १९२२ सालीं आठवड्यास साठ तास, १९३४ सालीं चोपन्न तास, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरमंत्री असतां झालेल्या प्रयत्नांनंतर १९४६ सालीं अठ्ठेचाळीस तास, अशा पायऱ्या उतरत आपण आलों. १९४८ च्या कायद्यानें हाच आंकडा कायम करून मुलांचें किमान वय चवदा केलें.

हें सर्व वाचून कायदा म्हणजे सर्वसमर्थ वस्तु, असें कोणास वाटेल. म्हणून नाण्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. कायदा दरवाजावरचा फलक वाचतो. दरवाजाच्या आंत काय चालतें तें त्यास पुष्कळदां दिसत नाहीं. गिरणींत मजुरास कामावर घेणारा मालक नसे, तर मुकादम असे. काम लागण्यासाठीं त्यास दस्तुरी द्यावी लागे, आणि लागलेलें काम टिकावें म्हणून पुष्कळदां पुन्हां द्यावी लागे. १९३१ सालच्या व्हिटली आयोगानें या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आहेत. मुकादम पुष्कळ वेळां मजुराच्याच गांवचा. तोच त्यास खोली पाहून देई, अडीनडीस उसने पैसे देई, आणि तोच त्याच्या पगारांतून वांटा काढी. उपकार आणि लूट एकाच हातानें होत असल्यामुळें तक्रार कोणाची व कोणाकडे करावी? तसाच 'डबल खाडा.' एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा, अशी चाल मुंबईंतील पुष्कळ गिरण्यांत होती. कापडांत दोष राहिला तर तें कापडच विणकराच्या गळ्यांत घालून त्याची किंमत पगारांतून वळती करीत. तासांचा कायदा पाळणारा मालकहि हें बिनदिक्कत करी. १९३६ च्या कायद्यानें या कापाकापीस बराच आळा घातला. पण तोंपर्यंत कित्येक पिढ्यांच्या मजुरांनीं तें विधिलिखित समजून सोसलें.

आणखी एक गोष्ट पालकवर्गासाठीं सांगावीशी वाटते, व ती कटु आहे. मुलांच्या तासांस मर्यादा घातल्यावर ती मोडण्यांत केवळ मालकाचाच हात नव्हता. मुलाचें वय वाढवून सांगणारा बाप असे. दांत पाहून वयाचा दाखला देणारा डॉक्टर फसे किंवा फसल्यासारखें करी. आणि एकच मुलगा सकाळीं एका गिरणींत एका नांवानें व दुपारीं दुसऱ्या गिरणींत दुसऱ्या नांवानें अर्धा-अर्धा दिवस भरी, असेहि प्रकार चौकशींत उघडकीस आले. या बापांस निर्दय म्हणावें काय? बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत कामावर जाणारी आई मूल दिवसभर निपचित पडावें म्हणून त्यास अफूची बाळगोळी देई. तिला निर्दय म्हणावें काय? मला तसें म्हणवत नाहीं. ज्या घरांत मुलाच्या चार आण्यांवांचून चूल पेटत नाहीं, त्या घरास मुलाचे चार आणे मना करावयाचे आणि बापाचा पगार होता तेथेंच ठेवावयाचा, हा अर्धा कायदा झाला. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला, म्हणजे मुलांच्या पहिल्या कायद्यानंतर सदुसष्ट वर्षांनीं. आणि सहा ते चवदा वर्षांच्या प्रत्येक मुलास फुकट व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं. क्रम उलटा असता तर खोटे दाखले पुष्कळ कमी निघाले असते.

आईच्या प्रश्नावर मुंबई इलाख्यानें मात्र सर्व देशास कित्ता घालून दिला. ना. म. जोशी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत १९२४ सालीं आणलेलें बाळंतपणाच्या मदतीचें बिल नामंजूर झालें होतें. पण मुंबईच्या कौन्सिलानें १९२९ सालीं तसा कायदा केला. १९२८ सालीं त्यावर बोलतांना डॉ. आंबेडकर यांनीं असा मुद्दा मांडला होता कीं, प्रसूतीच्या आधीं व नंतर आईस विश्रांति मिळणें यांत राष्ट्राचेंच हित आहे. हा विचार नवा होता. बाळंतपण म्हणजे बाईचें घरगुती संकट, असें मानणाऱ्या जगांत कोणी उठून म्हणतो कीं, हें मूल सर्वांचें आहे, तेव्हां खर्चहि सर्वांनीं उचलावा! परंतु कायद्याची गंमत पहा. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें. नवीं यंत्रें हें त्याचें एक कारण, आणि स्त्रियांस रात्रपाळीची मनाई व त्यांच्यावर करावा लागणारा हा खर्च हें दुसरें. बाईस विश्रांति द्यावी लागते म्हणून बाईच नको, असा हिशेब कांहीं ठिकाणीं झाला. कायद्याच्या अक्षराशीं भांडण न करतां त्याचा आत्मा असा बाहेर ठेवतां येतो. म्हणून कायदा नसावा असें नव्हे. पण तो करून आपण मोकळे झालों, असें समजणारांनीं हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें.

मागें आपण विचारलेला प्रश्न, भुकेल्या मनुष्याचा करार स्वतंत्र म्हणावा काय, त्याचें उत्तर या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं दिलें. दिल्लीस आशियाई क्रीडासामन्यांसाठीं इमारती व रस्ते यांचें काम चाललें होतें. मजुराची किमान मजुरी दिवसास सव्वानऊ रुपये होती. पण ती जमादारांच्या हातून दिली जाई, व ते त्यांतून एक रुपया आपली दलाली म्हणून कापून घेत. मजूर सव्वाआठ रुपयांवर कबूल होते. कोणी त्यांस बांधून आणलें नव्हतें. न्यायमूर्ति भगवती यांनीं निर्णय दिला कीं, राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें मना केलेली वेठ केवळ दंडुक्यानेंच होते असें नाहीं. दारिद्र्य व भूक यांची सक्ति हीहि सक्तीच होय, आणि किमान वेतनापेक्षां कमी मोबदल्यावर घेतलेलें काम ही वेठच. परळच्या मुकादमाची दस्तुरी आणि दिल्लीच्या जमादाराचा रुपया, यांमध्यें कित्येक दशकांचें अंतर आहे. नातें मात्र सख्ख्या भावांचें आहे.

आतां परळ-लालबागचीं बहुतेक धुराडीं थंड झालीं आहेत. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या पुन्हां पूर्वीसारख्या चालल्याच नाहींत. जुन्या मजूरकायद्यांची मोट बांधून २०१९ व २०२० सालीं चार संहिता करण्यांत आल्या. कामाचें रूपहि पालटलें. तुमच्या दारीं जेवणाचा डबा किंवा पुस्तकाचें पार्सल घेऊन दुचाकीवर येणारा तरुण पाहिला असेल. त्याची कंपनी त्यास नोकर म्हणत नाहीं, 'भागीदार' म्हणते. शब्द मोठा सन्मानाचा. पण भागीदारास ठराविक तास नसतात, रविवार नसतो, आणि पावसांत घसरून पाय मोडला तर तो कोणाच्या कामावर होता, हाच वाद पुढें येतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेंत अशा कामगारांस प्रथमच निराळें नांव मिळालें. १८८१ सालींहि आरंभ एवढ्याशाच गोष्टीनें झाला होता, हें आठवून मी निराश होत नाहीं.

मुलांविषयींचा कायदा २०१६ सालीं अधिक कडक झाला. चवदा वर्षांखालील मुलास कोणत्याहि धंद्यांत कामास ठेवणें गुन्हा ठरलें. चवदा ते अठरा वयाच्या मुलांस धोक्याचीं कामें मना झालीं. परंतु त्यांत एक खिडकी उघडी ठेवली आहे: शाळेच्या वेळेबाहेर व सुटींत मुलानें आपल्या कुटुंबाच्या धंद्यास हातभार लावण्यास हरकत नाहीं, मात्र तो धंदा धोक्याचा नसावा. कुंभाराच्या मुलानें चाकाशीं बसूं नये, वाण्याच्या मुलीनें पुड्या बांधूं नयेत, असें कोणीच म्हणणार नाहीं. घरचा धंदा हीहि एक शाळा आहे. तरी ही खिडकी मला भीतीची वाटते. 'कुटुंब' या शब्दांत काका-मामा येतात, आणि शाळेच्या वेळेबाहेरचे तास मोजणारा तेथें कोणीहि नसतो. दुकान रात्रीं दहास बंद करून आलेला मुलगा सकाळीं पहिल्या तासाला बांकावर डोकें टेकतो. त्यानें कोणताहि कायदा मोडलेला नसतो, त्याच्या वडिलांनींहि नाहीं. हजेरीपटावर तो हजर असतो.

आणि शेवटीं आपलें घर. १९४८ च्या कायद्यानें दहा मजूर व एक यंत्र असलेल्या जागेस कारखाना म्हटलें. त्या हिशेबानें आपलें स्वयंपाकघर कारखाना नव्हे. धुणींभांडीं करणारी बाई, स्वयंपाकीण, आजारी वृद्धांजवळ बसणारी बाई, यांच्यासाठीं महाराष्ट्रानें २००८ सालीं कल्याणमंडळाचा कायदा केला. घरकामास लहान मूल ठेवण्याची मनाई तर २००६ पासूनची आहे. परंतु लोखंडे यांच्या अर्जांतील मागण्या या बाईच्या हातीं द्या आणि तिला एक एक वाचून दाखवा. आठवड्यास एक दिवस सुटी? ती बहुधा हंसेल. दुपारचा अर्धा तास? पगाराची तारीख? कपबशी फुटली तर तिची किंमत पगारांतून कापतात काय? एक दिवस आली नाहीं तर किती दिवसांचा खाडा धरतात? पडून हात मोडला तर पुढील महिन्याचें काय?

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं सुटींत हे प्रश्न आपापल्या घरीं विचारावे व उत्तरें वहींत तारखेसह लिहून आणावीं. बाईस विचारावे, तसेच आईवडिलांसहि विचारावे, आणि दोन्ही उत्तरें शेजारीं शेजारीं मांडावीं. कारखान्यांत तपासनीस कोणत्याहि वेळीं जाऊं शकतो. घराचा उंबरठा तो सहसा ओलांडीत नाहीं. म्हणून ही वही तपासावयास दुसरा कोणी येणार नाहीं. वर्गांत ती मी पाहीन.